बोली लागल्यानंतर आलेली खासगी मागणी

अमळनेर, जि. जळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेले संभाषण, दोन्ही वाचले. आजोबांच्या मर्फी रेडिओचा लिलाव तू संकेतस्थळावर सात दिवसांसाठी लावलास, 3,000 रुपयांपासून सुरू झालेली बोली तिसऱ्या दिवशी 5,200 वर गेली आणि त्याच रात्री एका गृहस्थांनी तुला खासगी निरोप धाडला की लिलाव आताच बंद करा, मी 9,000 रुपये देतो आणि उद्या गाडी पाठवून रेडिओ नेतो. हे स्वीकारावे का, असे तू विचारतोस. स्वीकारू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर लिहितो. कारण हा प्रसंग या धंद्यात वारंवार येतो आणि दरवेळी विचार करायला दोन दिवस मिळतीलच असे नाही.

आपल्या भागात बाजार समितीच्या आवारात धान्याचा किंवा कापसाचा उघड लिलाव तू लहानपणापासून पाहिला आहेस. पूर्वी असे नव्हते. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत आणि ज्याने वर्षभर राबून माल आणला, तो शेतकरी बाजूला उभा राहून वाट पाहत असे. मुंबई इलाख्यात 1927 साली कापूस बाजाराचा कायदा झाला, पुढे 1963 साली राज्याचा बाजार समित्यांचा कायदा आला आणि सर्वांच्या देखत बोली हा रिवाज हळूहळू रुजला. तुझ्या लिलावात तो रुमाल तुझ्या हातात आहे, एवढाच फरक. अंधारात राहणारे या वेळी बोली लावणारे आहेत, आणि त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवून आपला आकडा आधीच सांगून टाकला आहे.

म्हणून पहिली बोली पडण्यापूर्वीची स्थिती आणि नंतरची स्थिती वेगवेगळी मानावी. एकही बोली नसताना कोणी योग्य किंमत देऊ केली, तर लिलाव मागे घेऊन थेट विकण्यात गैर काही नाही, मात्र त्या संकेतस्थळाची मुभा असावी आणि व्यवहारही तिथूनच व्हावा. बोली लागली की मात्र तुझा शब्द गुंतला. एखादा माणूस तुझ्या लिलावासाठी दुसऱ्या ठिकाणचा रेडिओ सोडून थांबलेला असतो, हे आपल्याला दिसत नाही, पण तसे असते.

आता पैशाचे बोलू, कारण तुझ्या मनात 5,200 आणि 9,000 यांच्यातली तफावत घोळत असणार. पडद्यावर दिसणारा आकडा ही रेडिओची किंमत नव्हे. ईबेसारख्या लिलावाच्या संकेतस्थळावर बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने प्रतिस्पर्ध्याच्या थोडी वर जाईल इतकीच बोली वाढवत राहते. समज, एकाची कमाल 5,000 आहे आणि दुसऱ्याची 14,000. तरी तुला दिसेल ते 5,200 च्या आसपासच. शिवाय जाणते संग्राहक शेवटच्या मिनिटांपर्यंत हात बांधून बसतात. तिसऱ्या दिवशीचा आकडा पाहून घाबरणारा विक्रेता हेच विसरतो.

त्या गृहस्थांचे प्रश्न पुन्हा वाच. रेडिओ वाजतो का, हे त्यांनी विचारलेच नाही. मागच्या पुठ्ठ्यावरचा शिक्का शाबूत आहे का, व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, मूळचेच आहेत का, आणि फोटोत कोपऱ्यात दिसणारे, शुल्काची तिकिटे चिकटवलेले, पूर्वी रेडिओ बाळगायला लागणाऱ्या लायसन्सचे पुस्तक सोबत मिळेल का, हे त्यांनी विचारले. असे विचारणारा माणूस वस्तू ओळखतो, आणि तो घाई करतो तेव्हा 9,000 हा त्याचा शेवटचा आकडा नसतो. त्यांना वाईट मात्र समजू नकोस. मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. नकारानंतरही रेटा लावणे हे अशिष्ट. तू त्या पुस्तकाचा उल्लेख वर्णनात केला नव्हतास, तो आजच कर, म्हणजे जे एकाला कळले ते सर्वांना कळेल.

नियमांचेही पाहा. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 64 नुसार हातोडा पडेपर्यंत किंवा रूढ पद्धतीने विक्री जाहीर होईपर्यंत लिलाव पूर्ण होत नाही आणि तोवर बोली मागेही घेता येते. म्हणून कायद्याच्या दारात तू कदाचित अडकणार नाहीस. पण संकेतस्थळाच्या अटी तू मान्य केल्या आहेत. ईबेवर शेवटच्या बारा तासांत बोली असलेला लिलाव बंद करायचा, तर सर्वांत मोठी बोली लावणाऱ्यालाच वस्तू द्यावी लागते, आणि बाहेर परस्पर विकण्यासाठी तो बंद करणे तर कधीच चालत नाही. संग्राहकांच्या गटांमध्ये लेखी नियम कमी असले तरी स्मरणशक्ती दांडगी असते. बाहेरच्या व्यवहारात तुझे संरक्षणही संपते. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआयचा पिन टाकायला कोणी सांगितले, तर तिथेच थांब. पैसे येण्यासाठी यांपैकी काहीच लागत नाही.

त्यांना उत्तर आजच दे, ताटकळत ठेवू नकोस. एवढे लिहिलेस तरी पुरे: “आपल्या मागणीबद्दल आभारी आहे. लिलावात बोली लागलेली असल्यामुळे तो ठरल्या वेळेपर्यंत चालू राहील. आपण त्यात अवश्य बोली लावावी. रेडिओविषयी काही विचारायचे असल्यास जरूर विचारावे.” त्यांचा आकडा इतरांना सांगू नकोस, आणि तो दाखवून भाव चढवण्याचा मोह तर अजिबात नको. मित्राकडून खोटी बोली लावून घेणे हे तर त्याच कलमानुसार असे कृत्य आहे की खरेदीदाराला विक्री रद्द करता येते.

लिलाव मध्येच थांबवावा लागेल अशी खरी कारणे असतात: रेडिओ पडून फुटला, वर्णनात मोठी चूक निघाली, किंवा घरातल्या दुसऱ्या वारसाने हरकत घेतली. हे शेवटचे कारण आपल्याकडे फार येते, तेव्हा आत्याला आणि बाकीच्या काकांना एकदा विचारून घे. असे काही झालेच, तर बोली रद्द करताना प्रत्येकाला खरे कारण कळव, आणि तीच वस्तू आठवड्याने जास्त किमतीला पुन्हा लावू नकोस.

लिलाव 8,000 वर संपला, तर 8,000 ला दे, आणि व्हॉल्व्ह वेगळे गुंडाळून, डायलच्या काचेवर जाड पुठ्ठा लावून पाठव. जिंकलेल्याने मुदतीत पैसे भरले नाहीत, तर त्याच्याखालच्या बोलीवाल्याला त्याच्याच आकड्यावर विचार. त्याने नको म्हटले, की मग त्या गृहस्थांना मोकळ्या मनाने निरोप पाठव.

तुझा,
काका