टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून सेटिंग टाळू नका

तुमची 2010 ची होंडा सिटी आय-व्हीटेक, वर सीएनजी किट. सकाळच्या पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर मिसिंग (नीट पेट घेत नाही), तापली की सुरळीत. प्लग-कॉइल बदलून झाले, आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "आवाज नाही ना, मग टॅपेट सेटिंग कशाला?" तुमची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. याच उत्तरापायी मला हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्हचा भाग) उतरवायचा खर्च पडला होता.

टॅपेट सेटिंग म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर (छोटा दांडा) यांच्यातली फट लावणं. आवाज ढिला टॅपेट करतो. टाइट झालेला गप्प बसतो आणि व्हॉल्व्ह जाळतो. सीएनजीवर सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती हेडमधली कडी) झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, फट कमी होत जाते, बहुधा एक्झॉस्टची आधी. फट संपली की व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. त्याची उष्णता मुख्यतः सीटमधूनच हेडमध्ये उतरते, ती वाट बंद झाली की कड जळायला लागते. मग कितीही सेटिंग करा, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) परत येत नाही.

या इंजिनाचे आकडे: इनटेक 0.15 ते 0.19 मिमी, एक्झॉस्ट 0.26 ते 0.30 मिमी, दोन्ही थंड इंजिनावर, म्हणजे हेड 38 अंशांच्या खाली. इथेच गॅरेजवाले घोळ घालतात. गाडी चालवत नेली, तासाभरात कव्हर उघडलं, गरम इंजिनावर थंडाचे आकडे लावले! गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा, सकाळी काम तुमच्यासमोर होऊ द्या.

कव्हर काढणं वगैरे सांगत बसत नाही. प्लग काढून ठेवा, क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने सहज फिरतो. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व्ह बंद) आणा, तिथले चारही व्हॉल्व्ह बघा, मग क्रँक अर्धा-अर्धा फेरा फिरवत 3, 4, 2 या क्रमाने बाकीचे सिलिंडर. नट सैल करण्याआधी सोळाही रीडिंग कागदावर उतरवा. हा कागद सेटिंगइतकाच महत्त्वाचा. एक्झॉस्ट 0.15 निघाला, नीट लावला आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच आला, तर सीट बसत चालली आहे, हेडच्या कामाची तयारी ठेवा.

फीलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) पातं किंचित अडत सरकलं पाहिजे. एक्झॉस्टला 0.28 चं असं सरकावं, 0.31 चं जाऊच नये. स्क्रू पेचकसाने धरूनच लॉकनट आवळा (14 न्यूटन-मीटर), कारण नट आवळताना स्क्रूही फिरतो आणि फट बदलते. आवळल्यावर परत मोजा. मोजत नाही तो मेकॅनिक बदला.

सीएनजीवाल्यांनी एक्झॉस्ट 0.30 कडे ठेवावा आणि दर 20,000 किमीला तपासावा, हे माझं मत, कंपनीचं नाही. थोडी टिकटिक चालेल.

कव्हरचं पॅकिंग कडक झालं असेल तर नवीनच घाला, प्लगच्या नळ्यांचे सीलही. वरून सिलिकॉन फासू देऊ नका. त्याचे तुकडे तेलात पडून व्हीटेकच्या तेलाच्या जाळीत अडकतात.

हे सगळं स्क्रूवाल्या रॉकरचं. बकेट टॅपेट (व्हॉल्व्हवर बसणारी वाटी) असतील तर स्क्रूच नसतो, जाडी मोजून शिम (पातळ चकती) किंवा बकेट बदलावं लागतं. डिझेल सिटीला तर यातलं काहीच लावू नका.

तुम्ही आधी कॉम्प्रेशन बघा. एकच सिलिंडर कमी निघाला तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती बघणं) करून सायलेन्सरच्या तोंडाशी कान लावा. हवेचा फुसफुस आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह धरत नाही. आणि हो, काम होईपर्यंत पेट्रोलवरच चालवा.