पहिल्यांदा सुपरव्हिजन देताय ना, मग हे वाचाच
अगं, थेरपी चांगली जमते म्हणून सुपरव्हिजन, म्हणजे शिकाऊ थेरपिस्टच्या केसेसवर देखरेख आणि मार्गदर्शन, आपोआप जमेल असं धरू नकोस, माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. नौपाड्यातल्या छोट्याशा केबिनमध्ये ट्रेनी केस सांगायची आणि मी लगेच क्लायंटचं निदान करत सुटायचे, समोर बसलेली पोरगी पेनाचं टोपण उघडबंद करतीये तिकडे लक्षच नाही. जनीन बर्नार्ड या समुपदेशन-तज्ज्ञ बाईंचं सुपरव्हिजनचं १९७९ चं मॉडेल आधी नीट समजून घे, त्यात सुपरव्हायझरच्या ३ भूमिका आहेत, शिक्षक, समुपदेशक आणि सल्लागार, आणि आत्ता यातली कुठली हवीये हे दर वेळी स्वतःला विचारायचं. फक्त समुपदेशक म्हणजे तिची थेरपी सुरू करायची नाही हां, केसमुळे तिच्यात काय हललं तेवढंच बघायचं.

नुसत्या तोंडी रिपोर्टवर राहू नकोस, क्लायंटची लेखी संमती घेऊन रेकॉर्डिंग ऐक, १० मिनिटं पुरतात, ट्रेनी गडबडून विषय बदलते ना, नेमकं तिथेच थांबव. आत्महत्येचा विचार कुठे आला तर बाकी सगळं बाजूला, आधी सेफ्टी प्लॅन, म्हणजे संकटाच्या वेळी क्लायंटने काय करायचं, कोणाला गाठायचं हे लिहून ठेवणं. आणि प्लीज, ठाणे लोकलमध्ये केसबद्दल बोलू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे. स्वतःसाठी पण एक सीनियर धर, महिन्यातून एकदा तरी.