'आदिवासी माध्यमे' की 'आदिवासींची माध्यमे'?

प्रश्न असा आहे: जगभरातले आदिवासी समाज स्वतः रेडिओ, व्हिडिओ, वाहिन्या चालवून आपल्या संस्कृतीचे जतन आणि प्रसार करतात. त्यांना 'आदिवासी माध्यमे' म्हणावे की 'आदिवासींची माध्यमे'?

माझे मत 'आदिवासींची' या बाजूने, आणि ठामपणे. पहिल्या प्रयोगाचा विग्रह करून पाहा. 'राजवाडा'सारखा षष्ठीने सोडवला तर आदिवासींची माध्यमे. 'गायरान'सारखा चतुर्थीने सोडवला तर आदिवासींसाठी माध्यमे. मालकी कोणाची हा इथला कळीचा मुद्दा, आणि समासात नेमका तोच झाकला जातो.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या इग्लूलिक या इनुइट आदिवासींच्या वस्तीने १९७५ आणि १९७९ मध्ये मतदान घेऊन टीव्ही नाकारला, कारण त्यावर इनुक्टिटुट या त्यांच्या भाषेतले कार्यक्रमच नव्हते. प्रक्षेपण इनुइटांपर्यंत येणार होते, पण ते इनुइटांचे नव्हते. १९८१ मध्ये त्यांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली, त्यानंतर कुठे गावाने होकार दिला. याच इग्लूलिकच्या झकारायस कुनुक यांनी पुढे अख्खा चित्रपट इनुक्टिटुटमध्ये काढला आणि २००१ च्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळवला. 'ची' हा एवढासा प्रत्यय किती वजन पेलतो बघा!

प्रश्नातल्या 'प्रसार' या शब्दाबद्दलही बोलायला हवे. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु लोकांबरोबर काम करताना 'मुकुर्तू' नावाची संगणकीय संग्रहप्रणाली घडली. मुकुर्तू म्हणजे त्यांच्या भाषेत मोलाच्या वस्तू जपून ठेवायची पिशवी. तिच्यात ठेवलेला कोणता फोटो, कोणती ध्वनिफीत कोणी उघडायची हे समाजाच्या रिवाजाप्रमाणे ठरते: काही फक्त बायकांसाठी, काही ठरावीक कुटुंबांपुरते. चित्रातली व्यक्ती हयात नसेल तर तशी सूचना आधी दाखवता येते. अशा ठिकाणी सरसकट 'प्रसार' लिहिणे मला चुकीचेच वाटते. कोणापर्यंत पोचवायचे ते वाक्यात यायलाच हवे.

आणि जमेल तिथे 'आदिवासी' ऐवजी त्या लोकांचे नाव घ्यावे: इनुइटांचे, वारुमुंगुंचे.

न्यूझीलंडमध्ये २००४ साली सुरू झालेल्या वाहिनीबाबत मात्र थोडे थांबावे लागते. ती २००३ च्या कायद्याने आणि सरकारी पैशातून उभी राहिली, उद्देश तिथल्या माओरी आदिवासींची भाषा जगवण्याचा. म्हणून तिला मी 'माओरींची वाहिनी' न म्हणता 'माओरी भाषेची वाहिनी' म्हणेन.