आधी अंधार, मग कॅमेरा : रात्रीच्या आकाशाच्या फोटोंबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी पत्रांमध्ये एकच विषय जास्त होता, लांब रानावनात, डोंगरात, वाळवंटात जाऊन रात्रीच्या आकाशाचे फोटो कसे काढायचे. बरेच प्रश्न एकमेकांसारखे होते म्हणून एकत्र केलेत. उत्तरं लहान-मोठी झालीयेत, जिथे खरंच लोक अडकतात तिथे जरा जास्त लिहिलंय.

प्रश्न : ताई, वस्तीपासून खूप लांब डोंगरात जाऊन राहिलो, ढग अजिबात नव्हते, तरी आकाशगंगा फोटोत आलीच नाही. नुसतं निळसर-पांढुरकं आकाश आणि मोजके तारे. कॅमेरा तर चांगला आहे, मग काय चुकलं?

तुम्ही तारीख लिहिली नाहीत, पण निळसर-पांढुरकं म्हणताय म्हणजे माझा पहिला संशय चंद्रावर. अर्धा चंद्र जरी वर असला ना, तरी आकाशगंगा पार फिकी पडते, मग तुम्ही कितीही लांब जा. अमावास्येच्या आधीचे-नंतरचे चार-पाच दिवस सगळ्यात चांगले, आणि तेवढीच सुट्टी नसेल तर चंद्र कधी उगवतो कधी मावळतो ते बघा. तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, वद्य अष्टमीच्या आसपास मध्यरात्रीनंतर येतो, म्हणजे त्या दिवसांत रात्रीचा पहिला अर्धा भाग तुम्हाला अंधारा मिळतो. शुद्ध पक्षात याच्या उलट, चंद्र मावळायची वाट बघायची आणि पहाटेचं आकाश घ्यायचं.

दुसरं म्हणजे घाई. सूर्य मावळून तासभर झाला की आपल्याला वाटतं झाला अंधार, पण कॅमेऱ्याला अजून उजेड दिसत असतो, सूर्य क्षितिजाच्या १८ अंश खाली गेला की मगच खरी रात्र सुरू होते. विषुववृत्ताजवळ हे साधारण सव्वा तासात होतं, जसजसं ध्रुवाकडे जाल तसतसा वेळ वाढतो, आणि उत्तरेकडे ४९ अंशांच्या वर जूनच्या शेवटी शेवटी तर अशी पूर्ण रात्र होतच नाही.

तिसरं, ऋतू. आकाशगंगा वर्षभर असते पण लोकांना फोटोत हवा असतो तो तिचा फुगीर, तेजस्वी गाभा, आणि तो धनू राशीच्या दिशेला आहे, आपल्यापासून साधारण २६,००० प्रकाशवर्षं. डिसेंबरमध्ये सूर्यच त्या दिशेला असतो, मग गाभा दिसणार कसा. उत्तर गोलार्धातून तो मार्चमध्ये पहाटेआधी दिसायला लागतो, जूनमध्ये मध्यरात्री सगळ्यात वर येतो, सप्टेंबरमध्ये अंधार पडल्या पडल्या नैर्ऋत्येला दिसतो. दक्षिण गोलार्धातले लोक याबाबतीत फार नशीबवान, त्यांच्याकडे जूनच्या लांबलचक रात्री हाच गाभा जवळपास डोक्यावर येतो. पण हिवाळ्यातलं आकाश वाया गेलं असं समजू नका हां, मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध हे सगळं एका फ्रेममध्ये घेता येतं आणि ते मला तर गाभ्याइतकंच आवडतं.

आणि जागा. नुसतं 'लांब' असून भागत नाही, तुम्ही ज्या दिशेला कॅमेरा लावताय त्या दिशेला शहर नको. जॉन बॉर्टल या अमेरिकी हौशी आकाशनिरीक्षकांनी २००१ मध्ये आकाशाच्या अंधाराची १ ते ९ अशी श्रेणी मांडली, १ म्हणजे सगळ्यात काळोखं आणि ९ म्हणजे शहराच्या मधोमध, आणि प्रकाश प्रदूषणाच्या नकाशांवर ती बघायला मिळते. ३ किंवा त्याखालची जागा मिळाली तर उत्तमच, ४ मध्येही छान काम होतं जर शहराचा उजेड तुमच्या पाठीमागे असेल तर.

प्रश्न : माझ्या फोटोत तारे टिंबासारखे येत नाहीत. कधी फुगलेले दिसतात, कधी लांबट. लेन्स अनंतावर ठेवते तरी असं का?

हे दोन वेगळे आजार आहेत आणि फोटो झूम करून बघितला की कळतं कुठला झालाय. तारा गोल पण फुगलेला, म्हणजे फोकस चुकलाय. तारे सगळीकडे एकाच बाजूला ओढल्यासारखे लांबट, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं राहिलं. फक्त कोपऱ्यातलेच तारे पक्ष्यासारखे पंख पसरलेले दिसत असतील तर तो लेन्सचा दोष, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत सोडणारं भोक, एक स्टॉप म्हणजे एक पायरी लहान करा, बराच निघून जातो.

फोकसचं सांगते. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, बऱ्याच लेन्समध्ये खरा फोकस त्या खुणेच्या थोडा अलीकडे असतो आणि थंडी वाढली की तो आणखी सरकतो. ऑटोफोकस बंद करा, ट्रायपॉडवर असल्यामुळे स्टॅबिलायझेशनही (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या थेट दृश्यात, एखादा ठळक तारा पकडा, व्याध, अभिजित, नाहीतर गुरू ग्रह असेल तर तोच, मग स्क्रीनवर जास्तीत जास्त मोठा करा आणि रिंग अगदी हळू फिरवत तो लहानात लहान टिंब होईल तिथे थांबा, थोडं पुढे जाऊन परत मागे येऊन खात्री करा. जमलं की रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. तासाभराने परत तपासा, विशेषतः गारवा वाढत असेल तर.

आता शटर. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. जुना ठोकताळा असा की ५०० ला लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरने भागायचं, येईल तेवढे सेकंद शटर उघडं ठेवायचं, २४ ची लेन्स असेल तर साधारण २१ सेकंद. पण हा हिशोब फिल्मच्या काळात ठीक होता, आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर २१ सेकंदात तारे लांबट दिसतातच. मी ३०० ने करायला सांगेन, म्हणजे त्याच लेन्सला १२-१३ सेकंद. सेन्सर छोटा असेल तर आधी मिलिमीटरला १.५ ने गुणा आणि मग भागा. ध्रुवाकडे तोंड असेल तर तारे हळू सरकतात म्हणून थोडी जास्त सूट मिळते, मृगाकडे असेल तर अजिबात नाही.

प्रश्न : फक्त मोबाइल आहे. प्रयत्न करू का, की नकोच?

करा की. २०१९ मध्ये गुगलचा पिक्सेल ४ फोन आला तेव्हा त्यात १६ सेकंदांपर्यंतच्या १५ फ्रेम आपोआप जोडून एक फोटो बनवायची सोय होती, आता बऱ्याच फोनमध्ये असा नाइट मोड आहे. फोन हातात धरू नका, स्टँडवर किंवा दगडाला टेकवून पक्का ठेवा, टायमर लावा आणि मुख्य कॅमेराच वापरा, वाइडवाला नको कारण बहुतेक फोनमध्ये त्याचा सेन्सर लहान असतो. खऱ्या अंधाऱ्या जागेचा फोनचा फोटो शहरातल्या महागड्या कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा शंभर टक्के चांगला येतो.

प्रश्न : फोटोत खूप दाणे येतात आणि पुढचे खडक, झाडं तर पूर्ण काळी. आयएसओ कमी केला की तारेच जातात. नवीन कॅमेरा घ्यावा लागेल का?

लगेच नको. दाणे आयएसओमुळे, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता वाढवल्यामुळे, येतात असं सगळे म्हणतात पण मूळ कारण प्रकाश कमी पडतो हे आहे. त्यामुळे पैसे घालायचेच असतील तर आधी मोठ्या अ‍ॅपर्चरच्या वाइड लेन्समध्ये घाला, एफचा आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं, एफ ४ वरून एफ २.८ ला गेलात की प्रकाश दुप्पट, एफ १.४ ला गेलात तर आठपट, आणि दुसरं म्हणजे दणकट ट्रायपॉड. सुरुवात एफ २.८, आयएसओ ३२०० आणि मघाशी काढलेलं शटर अशी करा, रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) काढा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळोख-उजेड किती आहे तो आलेख, बघा. अंधारात स्क्रीनवर सगळंच झगझगीत दिसतं आणि घरी येऊन उघडलं की फोटो काळा, हे फार जणांचं होतं, म्हणून स्क्रीनवर नाही हिस्टोग्रामवर भरवसा.

दाण्यांवर खरा उपाय म्हणजे स्टॅकिंग. कॅमेरा न हलवता एकामागून एक १६ फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये तारे जुळवून सरासरी घ्यायची, नॉइज म्हणजे हे दाणे फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतात म्हणजे १६ फोटोंना चौथा हिस्सा राहतो, आणि त्यासाठी नवीन काहीही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजवर सिक्वेटर फुकट आहे आणि तो आकाश आणि जमीन वेगवेगळी हाताळतो. मात्र कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (दाणे आपोआप कमी करायची सोय) तेव्हा बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो.

काळ्या खडकांसाठी त्याच जागेवरून, ट्रायपॉड न हलवता, आयएसओ कमी करून तीन-चार मिनिटांचा एक फोटो फक्त जमिनीसाठी काढा, फोकस खडकावर करून. आकाशाचे फोटो सगळे झाल्यावरच हा काढा म्हणजे ताऱ्यांचा फोकस बिघडत नाही. किंवा संध्याकाळी निळसर उजेड असतानाच ट्रायपॉड लावून जमिनीचा फोटो घेऊन ठेवा, पण मग रात्र होईपर्यंत त्याला कुणाचा धक्का लागता कामा नये. टॉर्च मारून खडक उजळवायची जी पद्धत आहे ती मला आवडत नाही, सावल्या कडक पडतात, जागा खोटी दिसते, आणि तिथल्या प्राण्यापक्ष्यांनाही त्रास. कोवळा चंद्र असेल तर तो हे काम कितीतरी सुंदर करतो.

प्रश्न : मध्यरात्रीनंतर सगळे फोटो धुरकट होत जातात. धुकं तर नसतं.

लेन्सवर दव बसतंय. उघड्या आकाशाखाली काच आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, मग त्यावर बाष्प जमतं. लेन्सभोवती गुंडाळायचा हीटरचा पट्टा मिळतो, पॉवर बँकवर चालतो, तो दव पडायच्या आधीपासून चालू ठेवा. नसेल तर हात गरम करायच्या पुड्या रबराने बांधल्या तरी चालतं. पुसत बसू नका, पुसलं की मिनिटात परत बसतं आणि वर फोकस हलतो. थंडीत बॅटरी लवकर बसते म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, आणि उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करा, तास-दोन तास उघडू नका.

प्रश्न : डोळ्याला तर आकाशगंगा राखाडी दिसते, मग फोटोत गुलाबी-हिरवं-निळं कुठून येतं? हे सगळं एडिटिंगच ना?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. रंग असतातच, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. अंधुक उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंगाचं ज्ञान नाही, कॅमेरा मात्र सेकंदामागून सेकंद प्रकाश साठवत राहतो. तेजोमेघांचा, म्हणजे अवकाशातल्या चमकणाऱ्या वायूच्या ढगांचा, लालसर-गुलाबी रंग हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा, साध्या कॅमेऱ्याचा फिल्टर उलट त्यातला बराचसा अडवतो. क्षितिजाजवळ हिरवट पट्टे दिसतात तेही पुष्कळदा खरे, साधारण ९५ किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडत असतात, त्याला वायुदीप्ती म्हणतात. तो रंग चूक समजून काढून टाकू नका, प्लीज. व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग थंड-उबदार करायची सेटिंग) ४००० केल्विनच्या आसपास ठेवून सुरू करा.

पण एडिटिंगने खोटं पण होतं हेही तितकंच खरं. एकाच जागेवरून, एकाच रात्री, एकाच दिशेचे फोटो जोडलेत तर माझ्या मते तो प्रामाणिक फोटो आहे, फक्त जोडलाय असं खाली लिहा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या डोंगरावर, ध्रुवताऱ्याच्या बाजूला, धनू राशीतला गाभा मोठा करून चिकटवला तर तो फोटो नाही. जाणकाराला दिशा बघून लगेच कळतं आणि ज्याला कळत नाही तो बिचारा तिथे जाऊन ते दृश्य शोधत बसतो. इतकं खरं सुंदर आकाश डोक्यावर असताना असं करायची गरजच काय?

प्रश्न : प्रत्येक फोटोत उपग्रहांच्या रेघा येतात, त्या कशा घालवायच्या?

२०१९ पासून स्टारलिंकसारखे इंटरनेट पुरवणारे उपग्रह शेकड्यांनी वर जातायत त्यामुळे रेघा वाढल्यात. त्यांच्यावर ऊन पडतं ते मुख्यतः संध्याकाळी आणि पहाटे, मध्यरात्रीच्या आसपास कमी दिसतात. स्टॅकिंगमध्ये मीडियन किंवा सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेमपेक्षा वेगळं दिसणारं गाळणारे पर्याय) निवडलं की एखाद्याच फ्रेममधली रेघ आपोआप गळते. उल्कांचे फोटो काढत असाल, म्हणजे १२-१३ ऑगस्टला ययाती किंवा १३-१४ डिसेंबरला मिथुन उल्कावर्षाव, तर मात्र हे वापरू नका, उल्काही त्याबरोबर गळतील.

प्रश्न : अशा निर्जन जागी रात्री जाताना काय काळजी घ्यायची? आणि तिथे दुसरे फोटोग्राफर असतील तर काही नियम असतात का?

जागा आधी दिवसाउजेडी बघून या, कडा कुठे आहे, पाऊलवाट कुठून, समुद्रकिनारा असेल तर भरती किती वाजता आणि पाणी कुठपर्यंत येतं. एकट्याने जाऊ नका, कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी कुणाला तरी सांगा, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा कारण रेंज नसतेच. संरक्षित जंगल असेल तर रात्री थांबायची परवानगी आहे का ते विचारल्याशिवाय निघू नका.

दुसऱ्यांबाबत एकच, उजेड. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि एक पांढरा टॉर्च ते सेकंदात घालवतो. हेडलॅम्पचा लाल दिवा वापरा, तोही अगदी मंद आणि जमिनीकडे, कारण लाल उजेड डोळ्यांना चालतो पण शेजाऱ्याच्या फोटोत तो छान उमटतो. दिवा लावायच्या आधी विचारा 'कुणाचं शटर उघडं आहे का?', कॅमेऱ्याची स्क्रीन मंद करा, गाडी अशी लावा की निघताना हेडलाइट कुणाच्या फ्रेमवर पडणार नाहीत. तारे दाखवायला लेझर फिरवू नका, तो थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो आणि विमानांना तर धोकाच. अंधार जपायला लोकांनी किती खटपट केलीये बघा, अमेरिकेतलं नॅचरल ब्रिजेस २००७ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क झालं, लडाखमधल्या हानलेला २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह जाहीर झालं, अशा ठिकाणी आपण पाहुणे म्हणून जातो तर तिथले दिव्यांचे नियम आधी वाचून जा आणि मनापासून पाळा.

आणि ट्रायपॉड शक्य तितका खाली ठेवा, मधला दांडा वर काढू नका, वाऱ्यात हलतो. त्याच्या पायांना रेडियमची छोटी पट्टी चिकटवा म्हणजे अंधारात कुणी अडखळणार नाही.