टीव्ही फटफटीत, माणूस अंधारात

प्रश्न: आमच्या लघुपटात आजोबा रात्री टीव्हीवर बातम्या बघताहेत असा प्रसंग आहे. खोली दहा बाय बारा. आजोबांचा चेहरा नीट दिसेल असं एक्स्पोजर ठेवलं की टीव्ही पांढराफटक पडतो, आणि टीव्ही सांभाळला की आजोबा दिसेनासे होतात. काय करावं?
– एक वाचक, घणसोली, नवी मुंबई

उत्तर: टीव्ही हा त्या खोलीतला एक दिवाच आहे. तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगशी झटापट करण्याआधी तो किती प्रखर आहे ते मोजा. आजोबा बसणार तिथे, त्यांच्यावरचा प्रकाश पडेल असा एक कोरा पांढरा कागद धरा आणि टीव्हीवर पूर्ण पांढरं चित्र लावा. कॅमेऱ्याचा झेब्रा (ठरावीक पातळीहून उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) ९५ वर ठेवून अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा वाढला की ते लहान होतं) बंद करत जा. कागदावरचे पट्टे एफ २.८ ला गेले आणि टीव्हीवरचे एफ ८ ला, तर दोघांत तीन स्टॉपचं अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश). घरात बहुधा असंच निघतं: १२० लक्स (पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाशात पांढरा कागद साधारण ३५ निट्सचा (दिसणाऱ्या उजळपणाचं माप) असतो, आणि टीव्ही नेहमीच्या मोडवर सहज २५० ते ३०० निट्स देतो.

हे अंतर एक ते दीड स्टॉपवर आणा. पार शून्यावर नेऊ नका, नाहीतर टीव्ही भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरसारखा मेलेला दिसतो.

थोडं टीव्हीकडून घ्या, थोडं दिव्याकडून. टीव्हीचा व्हिव्हिड मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि खोलीतला उजेड ओळखणारा सेन्सर बंद करा. हा सेन्सर चालू राहिला तर ऐन टेकमध्ये पडदा आपोआप मंद होतो. मग बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) उतरवा. इथे फसगत होते, कारण काही कंपन्या बॅकलाइटलाच ‘ब्राइटनेस’ म्हणतात, तर काहींच्या ‘ब्राइटनेस’ने फक्त काळ्याची पातळी बदलते. आकडा कमी करून बघा: सगळं चित्र सारखं मंदावलं तर तो बॅकलाइट, पांढरं तसंच राहून निवेदकाच्या काळ्या कोटाच्या घड्या बुडाल्या तर ती काळ्याची पातळी, तिला हात लावू नका.

बॅकलाइट अगदी तळाला नेऊ नये. बऱ्याच टीव्हींत तो भराभर चालू-बंद करूनच मंद केला जातो, आणि कॅमेऱ्यात त्याचे आडवे पट्टे येतात. चाळीस टक्क्यांच्या आसपास थांबा आणि उरलेलं काम टीव्हीवर लावायच्या क्लिपमध्येच करा. एडिटिंगमध्ये पांढऱ्याची पातळी ७० टक्क्यांवर आणली की पडद्यावरचा उजेड निम्म्याहून थोडा खाली येतो, म्हणजे एका स्टॉपहून किंचित जास्त. बातम्यांची क्लिप स्वतःच तयार करा. वाहिनीचं चित्रण परवानगीशिवाय वापरता येत नाही.

आता दिवा. खोलीतला प्रकाश १२० वरून २४० लक्सवर न्या आणि अ‍ॅपर्चर एक स्टॉप बंद करा. चेहरा होता तसाच राहतो, टीव्ही एक स्टॉप उतरतो. एलईडी पॅनल थर्माकोलवरून बाउन्स करा, मात्र एवढ्या लहान खोलीत तो प्रकाश पांढऱ्या भिंतींवरून फिरून पडद्यावर येतो आणि काळं राखाडी होतं. टीव्हीच्या बाजूला काळं कापड लावून तो कापा. पडद्यात कॅमेरा दिसत असेल तर टीव्ही दोन-तीन अंश पुढे झुकवा.

प्रश्न: एक्स्पोजर जमलं, पण पडद्यावर पट्टे सरकतात. सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/४८ सेकंद आहे. टीव्हीला लॅपटॉप जोडलाय.
– एक वाचिका, नौपाडा, ठाणे

उत्तर: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. २५ फ्रेम आणि १/५० शटर घ्या, आणि लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) ५० हर्ट्झ करा. तो ६० वर ठेवून शटर १/६० केलं तर टीव्ही शांत होईल, पण खोलीतली ट्यूब फडफडायला लागेल. एवढं करूनही पट्टे उरले तर ते बॅकलाइटचे. तो थोडा वाढवा. तपासणी कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर नको, मोठ्या मॉनिटरवर करा.

प्रश्न: मोबाइलवर हे जमेल का?
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर: जमेल. मॅन्युअल सेटिंग देणारं अ‍ॅप घ्या, २५ फ्रेम, १/५०, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) पक्का, व्हाइट बॅलन्स पक्का, एचडीआर बंद. एक्स्पोजर ऑटोवर राहिलं तर टीव्हीवरचं दृश्य बदलेल तसा आजोबांचा चेहरा उजळ-काळा होत राहील. पडद्यावर जाळीदार लाटा दिसल्या तर फोकस आजोबांवरच ठेवून टीव्ही त्यांच्यामागे जरा दूर सरकवा. फरक पडला नाही तर फोन थोडा पुढे-मागे किंवा तिरका करून बघा.