गावच्या शेतात झिंक, लोह टाकलं तर ते गव्हात उतरतं का? (निफाडचा गहू बोरिवलीला आणून वर्षभर खातो)

झिंक उतरतं, लोह फारसं नाही. झिंक सल्फेट पेरणीच्या वेळी जमिनीतून दिलं की मुख्यतः उत्पादन वाढतं. दाण्यातलं झिंक वाढवायचं तर दाणे भरत असताना ०.५ टक्क्याची फवारणी जास्त कामी येते, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. पानं करपू नयेत म्हणून सोबत झिंक सल्फेटच्या निम्मा चुना. वेळ इथे फार महत्त्वाची आहे, फवारणी लवकर उरकली तर दाण्यात कमीच पोचतं.

लोहाचं तसं नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत फेरस सल्फेट लवकरच पिकाला घेता येणार नाही अशा रूपात जातं. लोहासाठी खतापेक्षा वाण बदला असंच मी सांगेन: धनशक्ती बाजरी, परभणी शक्ती ज्वारी. मुंबईत आल्यावर भाकरी सुटते, ती आठवड्यातून काही दिवस तरी परत सुरू करा.

सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज) मात्र खतातून छान उतरतं. फिनलंडने १९८४ साली ते खतात मिसळायचं ठरवलं आणि तिथल्या लोकांच्या आहारातलं सेलेनियम खरोखर वाढलं.

गावी भावाला एक आवर्जून सांगा, माती तपासल्याशिवाय डीएपी खताचा मारा नको. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की पिकाला झिंक घेणं जड जातं.