देवाकडे न्याय मागणं पाप आहे का?

पत्र: माझ्या धाकट्या भावावर कामाच्या ठिकाणी पैशांच्या अफरातफरीचा खोटा आळ आला. ज्याने पैसे खाल्ले, त्यानेच साक्ष दिली. खटला रखडला आणि निर्दोष ठरण्याआधीच भाऊ हृदयविकाराने गेला. तो माणूस आमच्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो. मला मात्र ऐकावं लागतं, "देवाची इच्छा," "क्षमा करा." एकीने तर "घराण्यात काही पाप असेल" असंही म्हटलं. प्रार्थनेला बसले की तोंडून "का?" एवढंच निघतं. कधी वाटतं, त्याच्याही घरी असंच मरण यावं. मग स्वतःचीच भीती वाटते. माझा विश्वास गेला का?

उत्तर:

प्रिय ताई,

नाही, गेलेला नाही. विश्वास उडाला असता तर तुम्ही प्रार्थनेला बसलाच नसतात. तुम्ही अजून त्याच्याच दारात उभ्या आहात आणि त्यालाच जाब विचारताय.

"घराण्यात पाप असेल" हे बोलणं तर मनातून काढूनच टाका. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभू येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं त्याने बजावलं.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक तुम्ही वाचलं असेल, पण आता पुन्हा वाचा, त्याच्या मित्रांकडे लक्ष ठेवून. दहा मुलं एका दिवसात गेलेली, अंगभर गळवं, राखेत बसून खापरीने अंग खाजवणारा हा माणूस. अलीफज, बिल्दद आणि सोफर येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तिथवर ते खरे मित्र होते. मग तोंड उघडतात आणि देवाची बाजू मांडायला लागतात: तू काहीतरी केलं असशील, त्याशिवाय असं होत नाही. ईयोब ऐकून घेत नाही. तो देवावर चिडतो, जन्मदिवसाला शिव्याशाप देतो, माझा खटला ऐक म्हणतो. आणि शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब योग्य बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना सुनावतो. वादळातून देव ईयोबालाही कठोर प्रश्न विचारतो, हे खरं; पण हे दुःख का आलं, ते त्याला कधीच सांगत नाही. पुढे त्याला पुन्हा दहा मुलं होतात, पण गेलेली दहा परत आली असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. मला या पुस्तकाचा सगळ्यात जास्त आधार वाटतो तो याच प्रामाणिकपणामुळे.

आता ज्या विचाराची तुम्हाला भीती वाटते, त्याबद्दल. १०९ वं स्तोत्र उघडा. खोट्या जिभांनी घेरलेला माणूस तिथे प्रार्थना करतोय आणि खोटं बोलणाऱ्याची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो, असं मागतोय. अंगावर काटा येतो. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे, कोणी खोडलं नाही. त्या माणसाने स्वतः हात उचलला नाही. मनातलं सगळं विष देवापुढे ओतलं आणि निकाल त्याच्यावर सोडला. सूड देवाकडे सोपवा, असं प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो तेही याच अर्थाने मी घेते. तुमचा राग तुम्ही योग्य ठिकाणी नेताय.

आणि भावाबद्दल म्हणाल, तर बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या ६ व्या अध्यायात, देवाच्या वचनासाठी वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून ओरडतात: हे स्वामी, आमच्या रक्ताचा न्याय कधी करणार? ते देवाच्या इतक्या जवळ पोहोचलेले आहेत, तरी विचारतातच. त्यांना कोणी गप्प करत नाही; शुभ्र झगा दिला जातो आणि थोडा वेळ थांबा, असं सांगितलं जातं. हे थांबणं फार जड आहे, मी ते हलकं करून सांगणार नाही. पण खुद्द येशूविरुद्धही खोटे साक्षीदार उभे केले गेले, त्याच्यात दोष सापडत नाही असं म्हणणाऱ्या रोमी सुभेदार पिलातानेच त्याला वधस्तंभावर पाठवलं, आणि तिथून त्यानेही "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असंच विचारलं. तुमच्या "का?"ला त्याच्या तोंडी जागा आहे.

राहिली क्षमा. ती कोणी तुमच्याकडून वसूल करू शकत नाही, आणि झालेलं खोटं झाकून ठेवणं म्हणजे क्षमा नव्हे. अपराध करणाऱ्या भावाशी कसं वागायचं ते मत्तय १८ मध्ये येशूनेच सांगितलंय: आधी एकांतात त्याला दोष दाखवा, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्या, तरीही नाही तर मंडळीला सांगा. त्या माणसाला एकट्याने भेटणं तुम्हाला झेपणार नसेल, तर आधी पाळकांकडे जा. खटल्याचे कागद, तारखा, कोणी काय साक्ष दिली, सगळं लिहून न्या, बरोबर एक खंबीर नातेवाईक असू द्या. दिलासा मागायला नव्हे, भावाचं नाव मंडळीपुढे स्वच्छ व्हावं म्हणून आलोय, हे पहिल्याच वाक्यात सांगा. कायद्याने अजून काय करता येईल ते वकिलांना वेगळं विचारा. पाळकांनी "प्रार्थना करू या" म्हणून विषय मिटवला, तर लूक १८ मधली विधवा आठवा. कोणाचीच पर्वा नसलेल्या न्यायाधीशाकडे ती पुन्हा पुन्हा गेली. तुम्हीही पुढच्या आठवड्यात परत जा.

तुमची ताई